सहा महिन्यांच्या विरामात मांडवा ते रेडी पायी प्रवास : नियोजनाबाबत सल्ला हवा आहे

लाटेकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. मी मुंबईत एका वित्तसंस्थेत पंधरा-सोळा वर्षे नोकरी करत आहे. ऑक्टोबरअखेर ती सोडून सहा महिने थांबायचे, असा निर्णय घरच्यांशी बोलून घेतला आहे. पुढची नोकरी शोधण्यासाठी शेवटचे दोन महिने राखून ठेवले, तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ माझ्या हाती मोकळा राहतो आणि त्या काळात मांडव्यापासून रेडीपर्यंत, शक्य तिथे पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) आणि शक्य नसेल तिथे पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) किंवा रस्त्याने, किनारा धरून चालत जावे अशी फार दिवसांची इच्छा आहे. माझे माहेर दापोली तालुक्यातले असल्यामुळे किनारा परका नाही. पण आपल्या गावच्या खाडीपलीकडचे जग आम्ही नेहमी गाडीतूनच पाहिले.

नकाशावर रस्त्याने मोजले तर हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरते. रोज वीस किलोमीटर धरून मी एक वेळापत्रक तयार केले आहे, परंतु ते मांडताना काही प्रश्न सुटेनात. खाड्या कुठे आणि कशा ओलांडाव्यात? एका दमात चालत जावे की टप्प्याटप्प्याने? बाईमाणसाने एकटीने जायचे, तर मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी, की गावात पोहोचल्यावर पाहावी? आणि नोकरी सोडल्यावर पैशांचे व विम्याचे काय करावे? ज्यांनी हा किनारा पायाखाली घातला आहे, किंवा जे त्या गावांत राहतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

दर्याकाठ यांचा प्रतिसाद

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहतो आणि माझे सारे आयुष्य खाडीच्या तोंडाशी गेले आहे, म्हणून आपल्या वेळापत्रकाबद्दल आधी लिहितो. रोज वीस किलोमीटर हा हिशेब घाटमाथ्यावर चालेल. किनाऱ्यावर दिवस किती लांब आणि किती सोपा जाईल, हे भरती-ओहोटी ठरवते. तेव्हा किलोमीटरचा तक्ता बाजूला ठेवून कालनिर्णय उघडावे, अशी माझी विनंती आहे.

आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, त्यामुळे भरतीच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी पूर्ण होते, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने, कधी थोडी अधिक, पुढे सरकते. हा हिशेब मुख्यतः मुंबई-अलिबागकडचा आहे. दक्षिणेकडे जाताना भरती थोडी थोडी आधी येऊ लागते, म्हणून रत्नागिरी ओलांडल्यावर त्या त्या बंदराचे छापील कोष्टक पाहावे किंवा जेटीवरच्या माणसाला विचारावे.

याचा चालण्याशी संबंध असा. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची वाळू ओली आणि घट्ट असते, तिच्यावर पाय रुतत नाही. भरतीला तोच पट्टा पाण्याखाली जातो आणि सुरूच्या बनाला लागून असलेल्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालावे लागते; तिथे तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ म्हणायचे. पौर्णिमा किंवा अमावास्या संपली की प्रतिपदेपासून पंचमी-षष्ठीपर्यंत ओहोटी सकाळी सात ते पावणेअकराच्या दरम्यान पूर्ण होते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर आत जाऊन पुळण रुंद होते. ऊन चढण्याच्या आत चालायचे असेल, तर याहून चांगले दिवस नाहीत. उलट दशमी-एकादशीला सकाळी नेमकी भरती असते आणि ओहोटी दुपारी दोन-अडीचला, भर उन्हात, येते. ते दिवस मुक्कामाला, एखादा किल्ला पाहायला किंवा आतल्या रस्त्याने पुढच्या गावी जायला ठेवावेत.

आता खाड्यांचे. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. त्यापुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी गाड्या नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी चालतात आणि पायी प्रवाशालाही अल्प तिकिटात पलीकडे नेतात. पूर्णगडला मुचकुंदीवर आणि जैतापूरला पूल आहेत. वाघोटणच्या खाडीपाशी मात्र होडी मिळेल की आत वळून पुलाने जावे लागेल, हे आदल्या दिवशी गावात विचारूनच ठरवावे. सागरी महामार्गाच्या खाडीपुलांची कामे सुरू असल्यामुळे काही ठिकाणची व्यवस्था आपण जाल तोपर्यंत बदललेलीही असेल.

मोठ्या फेरीबोटींना ओहोटीचा फारसा अडसर होत नाही. लहान होड्यांचे तसे नसते. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि आत दोन्ही बाजूंना खाजणाचा चिखल, त्यामुळे ओहोटीला होडी काठापर्यंत येऊ शकत नाही. म्हणजे पुळणीवर चालायला ओहोटी हवी आणि होडीने पलीकडे जायला पाणी चढलेले हवे. मी वर सांगितलेल्या तिथींना हे दोन्ही आपोआप जुळते : सकाळी ओहोटीत चालावे, खाडीकाठच्या गावी जेवून थोडे टेकावे आणि दुपारी चढत्या पाण्यावर पलीकडे जावे. ओहोटीला खाडी उथळ दिसली, तरी कंबरभर पाण्यातून एकटीने कधीही ओलांडू नये. मुखाशी ओढ जबरदस्त असते आणि कालचा दांडा आज त्याच जागी असेलच असे नाही. तसेच दोन पुळणींच्या मधल्या कातळाच्या नाकाडाला वळसा घालायचा मोह टाळावा. त्या खडकांवर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा असतात, आणि अर्ध्यावर असताना पाणी चढू लागले तर मागेही येता येत नाही आणि वरही चढता येत नाही. नाकाड आले की गावातून वर जाणारी पाखाडी शोधावी.

---

वेळूबन यांचा प्रतिसाद

दर्याकाठ यांनी तिथींचे जे लिहिले आहे ते इतके उपयोगी आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी पुण्याहून येऊन हा किनारा तुकड्यातुकड्यांनी चालले आहे, म्हणून एकटीने चालण्याविषयी आणि सड्यांविषयी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कातळाच्या उघड्या पठारांविषयी, लिहिते.

रायगड जिल्ह्यात नागाव, काशीद, दिवेआगर अशा लांब पुळणी आहेत आणि गावे जवळजवळ आहेत, त्यामुळे सुरुवात सोपी वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात, विशेषतः रत्नागिरी ते विजयदुर्ग या टप्प्यात, किनारा बहुतेक ठिकाणी कड्यांचा आहे आणि वाट जांभ्याच्या सड्यावरून जाते. सडा लांबून सपाट, निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तिथे मैलभर झाड नसते, पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत गवत वाळून जाते, आणि अकरा वाजल्यानंतर काळपट कातळ खालून तापतो तेव्हा डोक्यावर टोपी असूनही हनुवटीला झळ लागते. पाणी मिळेल या भरवशावर सड्यावर चढू नये. तीन लिटर पाणी खालूनच भरून घ्यावे. हा टप्पा डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत यावा अशी आखणी केली, तर ऊन सोसवते. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ येथील शिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. कशेळीचा तो भलामोठा हत्ती, ज्याच्या रेषांच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, तो पाहण्यासाठी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावे. तिरप्या उन्हात कोरीव रेषेच्या एका काठाची सावली पडते आणि आकृती ओळखू येते. भर दुपारी शेजारी उभे राहूनही ती दिसत नाही.

एका दमात की टप्प्याने, या प्रश्नावर माझे मत टप्प्यांच्या बाजूने आहे. शुद्ध आणि वद्य पक्षातील चांगल्या तिथी पाहून प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस चालावे आणि मधले दिवस एखाद्या गावी राहावे किंवा घरी जाऊन यावे. जवळपास प्रत्येक गावात वस्तीची एसटी असते. ती पहाटे तालुक्याला जाते, आणि तिथून चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ किंवा सावंतवाडी स्थानक गाठता येते. आपल्याकडे चार महिने आहेत. ते सलग चालून दीड महिन्यात संपवण्याचे कारण मला दिसत नाही.

मुक्कामाबद्दल : दिवेआगर, गणपतीपुळे, मालवण यांसारखी ठिकाणे शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात भरलेली असतात, तिथे मधल्या वारी पोहोचावे. बाकीच्या गावांत आदल्या दिवशी फोन केला तरी घरगुती सोय होते. एकट्या व्यक्तीला खोली द्यायला काही घरांत संकोच असतो. अशा वेळी आदल्या गावच्या यजमानीण बाईंनाच पुढच्या गावात फोन करायला सांगावे. त्यांची एखादी नणंद, जाऊ किंवा मैत्रीण तिथे असतेच, आणि मग आपण परक्या राहत नाही. 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची गावे अनोळखी माणसाबाबत सावध असतात, आणि ते योग्यच आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे आणि लहान गावात राहायचे असेल तर पोलीस पाटलांना कळवावे. किनाऱ्यावर तंबू ठोकून एकटीने राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरक्षिततेचा प्रश्न आहेच; शिवाय वेळास, आंजर्ले, गावखडी अशा ठिकाणी याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात, आणि उजेड किंवा हालचाल दिसली की मादी तशीच परत जाते.

---

लाटेकाठी

आपणा दोघांचे मनापासून आभार. वीस किलोमीटरचा तक्ता मी काढून टाकला आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पानांवर प्रतिपदा ते षष्ठी असे आठ पट्टे आखले आहेत. या पट्ट्यांतच पुळणीचे लांब टप्पे घ्यायचे आणि मधले दिवस सडे, किल्ले व विश्रांतीसाठी ठेवायचे, असे ठरवते आहे. रोजगाराचा आणि प्रकृतीचा भाग अजून बाकी आहे. माझ्या डाव्या गुडघ्याला पूर्वी दुखापत झालेली आहे, हेही सांगून ठेवते.

---

निशिगंध यांचा प्रतिसाद

मी मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे एवढ्याच बाजूने लिहिते. राजीनामा देण्याआधी बिनपगारी दीर्घ रजा मिळते का, हे लेखी विचारावे. अनेक कंपन्यांत तशी तरतूद असते आणि कर्मचारी ती कधी वाचतच नाहीत. रजा मिळाली नाही आणि नोकरी सोडावीच लागली, तर कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याचे संरक्षण सामान्यतः शेवटच्या दिवशीच संपते, ही गोष्ट सर्वांत आधी हाताळावी. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले तीस दिवस प्रतीक्षाकाळ असतो आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तो काही वर्षांचाही असू शकतो. म्हणून पॉलिसी सप्टेंबरमध्येच घ्यावी, किंवा सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी नोकरी चालू असतानाच अर्ज करावा. गुडघ्याची जुनी दुखापत अर्जात लपवू नये.

पैशांच्या बाबतीत प्रवासखर्चाचा आकडा त्यामानाने लहान असतो. घरगुती खोली आणि दोन वेळचे जेवण यांना एका माणसामागे रोज दीड-दोन हजार रुपये धरावेत, कारण एकटीसाठीही खोलीचे भाडे पूर्ण द्यावे लागते. खरा भार घराच्या हप्त्याचा, मुलांच्या फीचा आणि विम्याच्या हप्त्याचा असतो. हा खर्च सहा महिन्यांऐवजी नऊ महिन्यांचा बाजूला काढावा. नोकरी मिळायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. मुलाखतीत खंडाबद्दल विचारतीलच. ‘वैयक्तिक कारण’ असे मोघम लिहिण्यापेक्षा बायोडेटात एका ओळीत सरळ लिहावे की या काळात मी कोकण किनाऱ्याने पायी प्रवास केला. उमेदवारांशी बोलण्याच्या माझ्या अनुभवात स्पष्ट सांगितलेल्या खंडाने अडचण येत नाही. प्रश्न उभे राहतात ते झाकलेल्या खंडामुळे.

---

पांथस्थ यांचा प्रतिसाद

मी चिपळूण परिसरात वैद्यकीय व्यवसाय करतो. गुडघ्याच्या संदर्भात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : पुळण समुद्राकडे उतरती असते. मांडव्याहून दक्षिणेकडे चालताना समुद्र सतत उजव्या हाताला राहतो, त्यामुळे उजवा पाय कायम थोडा खाली आणि डावा वर पडतो. दिवसेंदिवस असे चालले की वरच्या बाजूचा गुडघा आणि खालच्या बाजूचे कंबरेचे सांधे वेगवेगळ्या प्रकारे दुखू लागतात. आपला दुखरा गुडघा डावा आहे, म्हणून पूर्ण ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या सर्वांत सपाट पट्ट्यातूनच चालावे आणि जिथे पुळण तीव्र उताराची आहे तिथे सरळ गावातल्या रस्त्याने जावे. निघण्याआधी दोन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. पाठीवरचे ओझे सात किलोंच्या आत राहिले पाहिजे. मुक्काम घरांत असल्यामुळे ते शक्य आहे.

वाळू आणि खारे पाणी बुटात गेले की तासाभरात फोड येतो. पुळणीवर पट्ट्यांची सँडल आणि सड्यावर घोट्यापर्यंतचा बूट, असे दोन्ही जोड न्यावेत. अनवाणी चालणे सुखाचे वाटते, पण जाळ्यांचे गळ, काचा आणि कालवांचे कवच वाळूत लपलेले असते. पायाला जखम झाली तर गोड्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी आणि धनुर्वाताची लस आधीच घेऊन निघावे.

जांभ्याच्या सड्यांवर आणि गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) दगडांत फुरसे हा विषारी साप असतो. तो लहान असतो आणि कातळाच्या रंगात मिसळून जातो, म्हणून गडग्यावर हात टेकून चढू नये आणि संध्याकाळी विजेरीशिवाय चालू नये. दंश झालाच तर पाय घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, असले काही न करता पाय हलू न देता जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश पूर्वी जीवघेणा ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले, परंतु औषध वेळेत मिळाले पाहिजे. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकण्याची सवय लावून घ्यावी. उन्हात घाम फार जातो, तेव्हा नुसत्या पाण्यावर राहू नये. सकाळी निघताना मीठ घातलेली पेज आणि वाटेत शहाळे किंवा कोकम सरबत घ्यावे.

---

तळाशीलवाट यांचा प्रतिसाद

सिंधुदुर्गाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. विजयदुर्ग ओलांडल्यावर आपल्याला दोन बदल जाणवतील. एक म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. मुंबईला उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्या वरही चढते, मालवणकडे ते अडीच मीटरच्या आतबाहेर राहते, त्यामुळे इथे तिथीचे बंधन थोडे सैल होते. दुसरे म्हणजे पुन्हा लांब पुळणी सुरू होतात. आचऱ्याच्या दक्षिणेला तोंडवळी-तळाशीलचा पट्टा हा माझ्या मते साऱ्या किनाऱ्यावरचा सर्वांत सुंदर टप्पा आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी, जिच्यावर घरे आहेत. टोकाला रस्ता संपतो आणि समोर सर्जेकोट दिसते. इथे होडी सांगून ठेवावी लागते. आदल्या दिवशी तोंडवळीत मुक्काम करावा, यजमानांकडून होडीवाल्याशी बोलून घ्यावे आणि परतीची रिकामी खेपही धरून भाडे आधीच ठरवावे. सकाळी मासेमारीच्या होड्या परत येण्याच्या वेळी कोणी मोकळे नसते. माल उतरून झाला की माणूस मिळतो.

हाच प्रकार देवबागला आहे. तारकर्लीहून देवबागच्या टोकापर्यंत वाळूतून जाता येते आणि तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी तिथे पुष्कळ आहेत, पण त्या फेरी मारून परत आणून सोडतात. आपल्याला पलीकडे उतरायचे आहे, हे बसण्याआधी स्पष्ट सांगावे. भोगव्याहून निवतीकडे आणि पुढे वेंगुर्ल्याकडे जाताना पुन्हा डोंगरवाटा येतात. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली करत शिरोड्याला यावे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला ते हेच शिरोडे. तिथून रेडी एका सकाळीत होते.

रेडीला थांबण्याऐवजी जमल्यास तेरेखोलपर्यंत जावे. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडच्या काठावर असूनही गोव्यात मोडतो, आणि तिथून फेरीबोट पलीकडे केरीला जाते. परतीसाठी सावंतवाडी स्थानक सोयीचे पडेल. शिरोड्याहून सावंतवाडीला एसटी मिळते. एक विनंती : आपला शेवटचा पट्टा फेब्रुवारीच्या पुढे सरकला आणि शिमग्याच्या दिवसांत आला, तर मुक्कामाचे आधी कळवावे, कारण त्या आठवड्यात चाकरमानी गावी आलेले असतात, पालखी घरोघरी फिरत असते आणि कुठल्याच घरात रिकामी खोली राहत नाही.